पंधरा आठे वीसासे

शार्दूल, नवा मुलगा, खुर्चीतच पेंगतोय.
त्याला सांगायचं होतं ते मी पडद्यालाच सांगते.
चोवीस रेघा, तासाला एक,
वरची काल रात्रीची, खालची आत्ताची.
एकही सरळ नाही.
जमीन गप्प कधीच नसते, पुण्याची तर नाहीच.

हे साडेपाचचं गुरगुरणं म्हणजे पहिल्या बसेस.
हे दुपारी दीडचं टोक वाघोलीकडच्या खाणीचं.
फसू नकोस, सुरुंगाला खोली नसते,
आणि तो जेवणाच्या सुट्टीत उडतो.
नदीपात्रात ढोलांचा सराव सुरू झाला
की संध्याकाळच्या रेघेचा केसाळ सुरवंट होतो.
जुलैत सगळ्याच जाड होतात, तो अरबी समुद्र.
आपटतो तिकडे, फुगते इथे, शिवाजीनगरात.

हे सगळं वजा करायचं.
मग कधीतरी दोन लाटा येतात,
पहिली घाईची, दार ढकलून आलेली,
दुसरी मागून, अंग घुसळत.
मधली सेकंदं मोजायची, आठाने गुणायची.
पंधरा आठे वीसासे.
एकशेवीस किलोमीटर, म्हणजे कोयना.
माझं माहेर मला असं सापडतं.

हेळवाकला आबांचं शिवणकामाचं दुकान.
खिळ्याला टांगलेली मोठी कात्री, काळ्या मुठीची.
आधी ती हलायची, मग भांडी, मग कुत्री.
आबा मशीनवरचा पाय थांबवून बघत,
"दीड," म्हणत, किंवा "दोनाच्या वर,"
आणि पुन्हा पाय मारत.
मी नोकरीला लागले तसे फोन यायला लागले:
किती दिला तुमच्या यंत्रानं?
दोन पूर्णांक दोन, आबा.
मी सव्वादोन म्हटलं होतं.
साक्षीला गिऱ्हाईक, ब्लाउज न्यायला आलेलं.

एकदा त्यांना इथे आणून रेघ दाखवली.
चष्मा कपाळावर सारून म्हणाले, हा तर धावदोरा.
मग एका जागी बोट ठेवलं:
इथं उसवलंय.
अहवालात मी लिहिलं,
तीव्रता तीन पूर्णांक चार, नुकसान नाही.

गेल्या वर्षापासून आबा माझ्याकडे, धायरीत, सातव्या मजल्यावर.
येताना पिशवीत दोन धोतरं आणि कात्री.
हॉलमध्ये खिळा मारून घेतला.
बायपासला कंटेनर गेला की कात्री हलते,
वरच्यांनी पलंग सरकवला की हलते,
उगीचही हलते, वाऱ्यानं.
सुरुवातीला मध्यरात्री हाक मारायचे:
किती?
ट्रक होता, आबा.
ट्रक किती?
आता विचारत नाहीत. खुर्ची खिळ्यासमोर ओढून बसतात.
वजाबाकी मी त्यांना शिकवली नाही.

दोन वाजून एक्केचाळीस.
आली. पहिली.
बारा, तेरा, चौदा,
पंधरा.
शार्दूल, ऊठ. दोन पूर्णांक नऊ, नोंद घे.
शेवटचा रकाना: कुणाला जाणवला?
पाटण तालुक्यातून तीन फोन.
पुण्यातून कुणाचा नाही, पुणं झोपलंय,
किंवा पुण्याला स्वतःचीच थरथर पुरते.

मीच घरी लावते. पहिल्याच रिंगला उचलतात.
आबा, आलाय तिकडे. कात्री?
"नाही हलली गं."
मग काहीच बोलत नाहीत.
मी सवयीनं मोजायला लागते.
नऊ आठे बहात्तर,
साताऱ्याच्याही अलीकडे.
"भांडी?" ते विचारतात.
वाजली म्हणे. हेळवाकला दोन घरांत.
"मग तिनाच्या वर असणार," आबा म्हणतात,
आवाज एकदम दुकानातला,
"यंत्र तपासून घ्या तुमचं."