दोन फर्लांग

कुपवाडच्या शेडमध्ये दस्तगीर मिस्त्रीनं
साखर कारखान्याच्या भंगारातल्या नळ्या
वाकवून, वेल्डिंग मारून
लांबच लांब सांगाडा केला.
पुढं लुनाची चाकं, मागं ट्रॉलीचे टायर,
मध्ये पाव्हण्यांच्या बंद अँबॅसिडरचं इंजिन,
आणि बसायची जागा सगळ्याच्या मागं,
मागच्या चाकांच्याही मागं.
"गलोलीत खडा कुठं असतो?" म्हणायचा,
"चामड्यात. तसं बसायचं. बाकी गाडी बघती."

बसणार नेमगोंडा मगदूम. वजन अठ्ठेचाळीस किलो.
मिरजेला बॅटरी आणायला जातो
असं घरी सांगून आलेला.

ब्रेकवर कुणाचाच भरवसा नव्हता.
मग शमाबीनं मार्केट यार्डातली
हळदीची रिकामी पोती उसवून
एक छत्री शिवली. दोर नाड्याचा, विहिरीवरचा.

कवलापूरची धावपट्टी. विमान कधीच नाही, शेळ्या.
शेळ्या हाकलल्या, फक्कीनं रेघ मारली.
घड्याळ माझ्या हातात होतं
आणि मी दाबायचं विसरलो.

आवाज आधी पोटात शिरला,
कानात नंतर.
टोकाला छत्री उघडली
तेव्हा चार हंगामांच्या हळदीचा ढग उठला
आणि त्यातून नेमगोंडा चालत आला,
नवरदेवासारखा पिवळा,
शिंकत.

"किती?" दस्तगीरनं विचारलं.
मी म्हटलं, चौदा.

शेडच्या पत्र्यावर ऑईलपेंटनं लिहिलेले चौदा
अजून आहेत.
दर दिवाळीला रंग काढताना
ब्रश तेवढ्यापुरता वळसा घेतो.
डबा मी धरतो.