चार हजारांच्या वर

तौसीफ बागवाननं विचारलं होतं,
काका, तार बदलली तर फरक पडतो का?
आणि मी म्हणालो, पडतो.

किती सहज निघाला शब्द.
लग्नाच्या पंगतीतून उठताना आपण म्हणतो ना,
जेवण छान झालं हो, तसा.

तार अठरा हजारांची.
निळ्या मखमली पेटीत वेटोळं घालून बसलेली.
सहकारनगरला खळदकरांच्या दिवाणखान्यात
चपला बाहेर काढून आम्ही पाच जण
गाभाऱ्यासमोर बसावं तसे बसलो होतो.
खळदकर म्हणाले, आता झांज ऐका, कशी मोकळी झाली.
घैसासांनी डोळे मिटले.
मीही मिटले, पण पूर्ण नाही.
फटीतून बघत होतो
घैसास मान कधी हलवतात ते.

मग फेब्रुवारीत कर्वे रोडला
कानाच्या डॉक्टरीणबाईंनी काचेच्या खोलीत बसवलं,
हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा.
दाबत गेलो.
मग बराच वेळ काही येईना.
काचेपलीकडे बाईंचं बोट मात्र चालूच होतं.

कागदावर रेघ उतरत गेली
पर्वतीच्या पायऱ्यांसारखी, घाईघाईनं.
बाई म्हणाल्या, चार हजारांच्या वर तुमचं काही खरं नाही.
मला वाटलं, फीबद्दल बोलतायत.
कधीपासून असेल हे?
असेल सात-आठ वर्षं.

सात-आठ वर्षं!
या काळात मी किती जणांना झांजेबद्दल सांगितलं.
किती जणांच्या बोनसला वाट दाखवली.
तापकीर गल्लीतला भन्साळी मला बघून चहा सांगतो,
त्यानं गेल्या दिवाळीत हेडफोन दिले,
घरी नेऊन ऐकून बघा म्हणाला.
मी अजून ऐकूनच बघतोय.

रविवारी पीएमटीनं भोसरीला गेलो.
(पीएमपीएमएल म्हणायचं आता, पण तोंडात बसत नाही.)
दहा बाय बाराची खोली, लोखंडी कपाट,
दोन स्टुलांवर दोन स्पीकर, भिंतीला पाठ लावून,
शिक्षा केलेल्या पोरांसारखे.
मधे ती तार. खोलीतली सगळ्यात महाग वस्तू.

मी सगळं सांगितलं. कागद दाखवला.
हेडफोनचंही सांगितलं, ते सांगताना जास्त वेळ लागला.

तौसीफ हसला नाही, चिडलाही नाही.
म्हणाला, मला तर पहिल्या दिवशीच फरक कळला नव्हता, काका.
मला वाटलं,
माझा कान कच्चा.

अठरा हजारांचा हिशेब होता माझ्याकडे,
निम्मे पाकिटात, निम्मे पुढच्या महिन्यात.
या वाक्याचा नव्हता.

त्याची अम्मी आतून म्हणाली,
दुकानवाला परत घेत नसेल तर राहू दे,
मजबूत दिसते, कपडे वाळतील.

मग आम्ही स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढे ओढले.
कपाटावर गोधडी टाकली.
जुनी वायर जोडली, चाळीस रुपये मीटरवाली,
आणि तीच तबकडी लावली.
तौसीफ उभा होता तो खाली बसला.
काय झालं?
थांबा, म्हणाला. थांबा जरा.

मी थांबलो. मला बोटं ऐकू येत होती, तार, लाकूड,
गाणाऱ्या बाईंचा श्वास अर्धा.
झांज कशी वाजतेय रे, मी विचारलं. खरं सांग,
मला येत नाही ऐकू.

त्यानं विचार केला, घाई न करता.
पितळ कापताना लेथखाली चुरा पडतो ना, म्हणाला,
एकदम बारीक, उन्हात चमकतो आणि हाताला लागत नाही,
तसं.
पण डावीकडं थोडं कमी आहे.

मी उठलो
आणि डावा स्पीकर बोटभर वळवला,
त्यानं बस म्हणेपर्यंत.