हद्दीचा दगड

मी रंग भरायचो.
सत्तावीस वर्षं, पणजीच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर,
मांडवीकडे पाठ करून.

भातशेतीला फिकट हिरवा, कुळागराला गडद,
खाजनाला हिरव्यावर निळ्या तिरप्या रेघा,
म्हणजे इथे भरती येते,
इथे जमीन पाण्यासोबत सामाईक.
वस्तीला पिवळा.

एका मंगळवारी फाईल आली. शेरा होता, सही होती.
एकशे सत्त्याऐंशीच्या रेघा मी रबराने पुसल्या,
भुसा फुंकला,
पिवळा भरला. काठाच्या आत, नीट.
चहा यायच्या आधी काम झालं.

निवृत्तीनंतर सहज म्हणून गेलो पाहायला.
कुंभारजुव्याच्या खाडीला लागून तो तुकडा,
नकाशावर माझ्या नखाएवढा.
बांधावरून चालत जायला अर्धा तास लागला.

ट्रक येऊन गेले होते.
कुठला तरी डोंगर आणून इथे आडवा केला होता, लालभडक,
आणि तो जिथून उठवला
तिथला रंग बदलला असणार शेजारच्या टेबलावरच्या शिरोडकरने.
आम्ही दोघं डबा एकत्र खायचो.

मानशीची दारं उभी होती अजून,
जांभ्याच्या चौकटीत, लाकडी,
भरतीला आपसूक मिटणारी, ओहोटीला उघडणारी.
आता बाहेर पाणी, आत माती.
दार तेवढं कुरकुरत होतं, सवयीने.

तिथे फोंडू गावडे भेटला.
त्याच्या बापाने पावणीत घेतली होती ही मानस.
रात्री ओहोटीला जाळं लावायचं, शेवटे, काळुंदरं, चिंगुळं,
पहाटे इनासिनची पाटी भरून द्यायची.
पौषात, अवसेला, याच काळ्या चिखलाचं माणगें थापायचे,
लांबलचक मगर, पाठीवर शिंपल्या, तोंडात काड्यांचे दात.
फुलं वाहून सांगायचे: तू तिकडे, आम्ही इकडे,
बांध तेवढा सांभाळ.

आणि यंदा?
"यंदा माती ट्रकातलीच घेतली," तो म्हणाला.
"माणगें उबें रावना, बाब. फुटलें."

खऱ्या मगरीचं मी विचारलं नव्हतं.
त्यानेच सांगितलं.
श्रावणात एका रात्री नव्या गेटपाशी येऊन पडली होती.
वॉचमन झारखंडचा, बावीस वर्षांचा,
खुर्चीवर चढून बसला.
ती काही करत नव्हती.
जिथे पोय होती तिथे तोंड करून
उजाडेपर्यंत थांबली, बस.

मग त्याने मला दगड दाखवला.
गवतात कललेला, सर्व्हेचा, १८७/३,
वरचा आकडा माझ्याच कागदावरून कोरलेला.
त्यावर काळपट विष्ठा, ओली,
वास असा की मी रुमाल काढला.
"हूद," तो म्हणाला.
पाणमांजर. रोज रात्री येते, ह्याच दगडावर, दुसऱ्या कुठल्या नाही.
"तिचीय हद्दच ती."

वाकून पाहिलं.
खेकड्याच्या कवचाचे तुकडे,
आणि खवले, इतके बारीक, इतके स्वच्छ,
की मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले.
इतक्या वर्षांत माझ्या कामावर
दुसऱ्या कुणाचा शिक्का पहिल्यांदाच दिसत होता.

"मासे कुठून आणते ही?"
फोंडूने हनुवटीने पलीकडे दाखवलं.
काठावर खारफुटी, तिच्यामागे कोरगुट, अजून उभं,
वाऱ्याने एका बाजूला झुकलेलं.

एकशे एक्याण्णव.
ती फाईलही आली होती, माझ्या शेवटच्या महिन्यात.
शेरा होता. सही होती.
कपाटामागे पडली.
मी पाडली की पडली, आता मलाही नक्की सांगता येत नाही.
त्याला तर काहीच सांगितलं नाही.

नवा मुलगा रंग संगणकावर भरतो,
एक बोट दाबलं की झालं, त्याला रबर लागत नाही.
दिवाळीत कचेरीची रंगरंगोटी आहे म्हणतात.
कपाटं हलवतील.