कूलर बंद करून

शलाकाचा फोन आला की मी कूलर बंद करतो.
त्या खडखडाटात तिचं अर्धं वाक्य बुडतं.
मग मे महिन्यातलं नागपूर
मिनिटभरात बनियनमध्ये शिरतं.
तिला हे माहीत नाही.

बाबा, लाइपझिग सोडून राहिलो आम्ही.
पोर्तोला नोकरी लागली.
काय काय पाहा लागते, सांगा ना,
तुम्ही तर जन्मभर पत्तेच पाहिले.

पाहिले खरे. चौतीस वर्षं आर.एम.एस.,
रात्रपाळी, लाकडी खणांसमोर उभा.
कामठी इकडे, काटोल तिकडे.
एखाद्या पाकिटावर जुना पत्ता खोडून
लाल शाईत नवा लिहिलेला असायचा,
ते हातात जरा जास्त वेळ राहायचं.

पण मी स्वतः हललो एकदाच,
अजनीहून मानेवाड्याला, टेम्पोच्या दोन खेपा.
रेशनकार्ड मागून आलं, अकरा महिन्यांनी.
तेवढ्या अनुभवावर बोलतो, ऐक:

निघताना तिथल्या कचेरीत लेखी कळव, पोच घे.
न सांगता गेलेल्यांच्या मागं बिलं चालत येतात.
भिंतीतले खिळे काढ, भोकं बुजव,
रिकाम्या खोल्यांचे फोटो ठेव,
घरमालक देवमाणूस असला तरी.
पेन्शनची कापलेली वर्षं कागदावर माग,
शिक्क्याची प्रत, मोबाईलमधली नाही.
आणि एक विमा संपून दुसरा लागायच्या मधे
पडू-झडू नका बाप्पा.

हसली.
मग म्हणाली, सात वर्षं भरत आली होती इथं,
नागरिकत्वाची.
तिकडे मोजणी पुन्हा शून्यापासून.

यावर माझ्याकडे काही नव्हतं.
झिरो माईलचा दगड आठवला उगाच.
सायकलची चेन तिथंच उतरायची,
बसवता बसवता वाचायचो,
हैदराबाद किती मैल, ते कोरलेलं आहे.

आणि मिहिका? मी विचारलं.
सहा वर्षांची पोर, झोपेत जर्मन बोलते.
नव्या शाळेत कोणी ढकललं
तर मास्तरणीला कोणत्या भाषेत सांगेल?

तिकडून नुसता भांड्यांचा आवाज.
शेवटी, शिकेल ना बाबा. आम्हीही शिकलो.
मी म्हटलं, हो, तू शिकली.
पहिली चार महिने तू फोनवर
फक्त "बरं आहे" म्हणायची, तेही आठवते.

एवढ्यात हिनं मोबाईल ओढला.
घरात ऊन कोणत्या बाजूनं येते?
समुद्राचा गाव, भिंतींना ओल असंल,
पापडाचा डबा कुठं ठेवशील?
खाली कोण राहते, पाहिलं का?
नाही पाहिलं? मग काय पाहिलं तुम्ही लोकांनी?

शलाका लिहून घेत होती.
माझं तिनं लिहून घेतलं नव्हतं.

काही गोष्टी मी बोललो नाही.
की दुसऱ्यांदा घर सोडणं सोपं जातं
आणि त्याचीच मला काळजी वाटते.
की नागपूर सोडलं तेव्हा तू स्टेशनवर रडली,
लाइपझिग सोडताना रडशील,
तर मला थोडं वाईट वाटेल,
नाही रडली तर जास्त.

बाबा, चेहरा ओला काऊन दिसून राहिला?
रडून राहिले का?
घाम आहे.
मग कूलर लावा ना!
लावतो.

आधी पिनकोड सांग, म्हटलं.
सात आकडे निघाले, चारानंतर एक आडवी रेघ.
डायरीत लिहिताना चौकटी पुरल्या नाहीत,
शेवटचा आकडा समासात गेला.
वर लाइपझिगचा पत्ता तसाच होता.
लाल पेन शोधलं. मिळालं. झाकण काढलं,
पुन्हा लावलं.

मग कूलर सुरू केला.
टाकीत पाणी नव्हतं, तो गरमच वारा फेकत राहिला.