लागू नसेल ते खोडा

तुर्भ्याच्या मसाला बाजारात, स्फोटानंतर सहाव्या दिवशी
मी टेप घेऊन गेले.
पोलिसांचं संपलं की आम्हा विमावाल्यांचं सुरू होतं:
खड्डा दोन फूट चार इंच,
शटर वाकलेलं, आतून बाहेर,
धण्याची पोती जळालेली एकोणीस, भिजलेली एकतीस.
(भिजवली बंबवाल्यांनी. तो रकाना वेगळा.)

मिरची अजून हवेत होती.
मास्कमधूनही डोळे गळत होते माझे,
तर गाळ्याचे मालक लखमशीभाई म्हणाले, ताई,
त्या दिवशी सगळा बाजार असाच रडत होता
कोण गेलं ते कळायच्या आधी.
कळल्यावर मग
खरं कोण रडतंय ते ओळखू येईना.

गेला तो धोंडीराम येवले, माथाडी.
पाठीवर जिऱ्याचं पोतं होतं.
पोतं अर्धं वाचलं.
तेही मी लिहिलं.

आमच्या पॉलिसीत कलम सात, पोटकलम ग:
राजकीय / धार्मिक / वैचारिक हेतूने केलेले कृत्य
भरपाईतून वगळण्यात आले आहे.
जादा हप्ता भरला तर मिळतं. लखमशीभाईंनी
बाराशे चाळीस रुपये वाचवले होते.
खाली बारीक अक्षरात छापलंय,
लागू नसेल ते खोडा.

तशी मी रोज खोडते.
आग / पूर / चोरी, एका फटक्यात.

पहिल्या संध्याकाळी बाजारात एक आडनाव फिरत होतं.
तेव्हा कुणालाच शंका नव्हती, धर्मच.
काट्यावरचा इम्तियाज डबा घेऊन मागे
गोणपाटावर एकटा जेवला, दोन दिवस.
तिसऱ्या दिवशी आडनाव बदललं.
मुलगा कोपरखैरण्याचा, कुरिअरच्या गाडीवरचा,
आणि चहाच्या टपरीवर पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं,
हे सगळं राजकारण हो, पोराला वापरलं.
इम्तियाजला कुणी बोलावलं नाही.
त्यानं आपणहून डबा पुढे आणला,
तेवढी जागा सरकून झाली.

त्या पोराच्या खोलीत म्हणे एक वही सापडली.
पानोपान देवाचं नाव, वळणदार, एकही खाडाखोड नाही.
शेवटच्या पानावर टेम्पोभाडं, दोनशे ऐंशी,
'साहेबांकडून येणे'.
हे मला हवालदारानं सांगितलं, चहा पिताना.
साहेब कोण ते त्यालाही माहीत नव्हतं,
किंवा होतं, चहा संपला होता.

गेटवर श्रद्धांजलीचा बॅनर.
महापालिकेची निवडणूक तोंडावर आलेली.
अकरा चेहरे हात जोडून,
बाराव्याचा, धोंडीरामचा, फोटो
रेशनकार्डावरून कापलेला, कोपऱ्यात.

मी पेन काढलं.
'धार्मिक' खोडावं तर ती वही.
'राजकीय' खोडावं तर ते दोनशे ऐंशी.
'वैचारिक' तर कुणी वाचतच नाही.
मधल्या त्या तिरप्या रेघा बघत बसले.
पडायला आलेल्या भिंतीला बांबू टेकवतात
तशा, एकमेकींना धरून.

काहीही खोडलं तरी रक्कम शून्य.
हे लखमशीभाईंना मी सांगितलं नव्हतं अजून.

तेवढ्यात हौसाबाई येवले आल्या,
सोबत दीर. दार नाहीच, तरी दाराशी थांबल्या.
आमच्या पॉलिसीत त्या कुठेच बसत नाहीत.
मला वाटलं विचारतील, कुणी केलं, कशासाठी केलं.
त्यांनी विचारलं, ते जिरं कुठाय?

दावा निकाली निघेपर्यंत
वाचलेला माल हलवायचा नाही, असा नियम आहे.
मी लखमशीभाईंकडे पाहिलं, ते वहीत पाहू लागले.
इम्तियाजनं पोतं काट्यावर ठेवलं.
चोवीस किलो सहाशे, तो म्हणाला.

बाईंनी पदर पसरला.
दोन ओंजळी घेतल्या, तिसरी परत टाकली.

अहवालात मी चोवीस लिहिलं.
कलम सातखाली काहीच खोडलं नाही.
मुख्य कचेरीतून फॉर्म परत आलाय,
वर पेन्सिलीनं:
कृपया एकच ठेवा.