छाट

निपाणीत, अक्कोळ रस्त्याच्या आतल्या गल्लीत
उंबऱ्यावर बसून मी टॅबलेट उघडते.
नमुना क्रमांक दोनशे अकरा.
द्वारकाक्का खोत मांडीवरचं सूप हलवत नाहीत.
"इचार," म्हणतात, "हात मोकळं न्हाईत, तोंड हाय."

कालचा दिवस. कुठलं काम किती तास.

विड्या वळणं, पानं भिजवणं-कातरणं धरून, चौदा.
नातवाची झोळी तीन,
दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली.
धाकटीचे पाढे एक. सतराला अडते.
चूल, पाणी, भांडी पाच.
सासऱ्यांच्या गोळ्यांसाठी दवाखान्यातली रांग तीन,
तिथंही पिशवीत दोरा, जर्दा, पानं.
झोप पाच.

टॅबलेट लाल होतो.
'एकूण एकतीस. चोवीसपेक्षा जास्त. दुरुस्त करा.'

अक्का, दिवस चोवीस तासांचाच असतो.
"असंल की. मी कुठं न्हाई म्हणतो.
त्यातनंच काढलंय हे."

प्रशिक्षण बेळगावात झालं, हॉटेलच्या थंड हॉलमध्ये.
सर पडद्यावर नकाशा दाखवत म्हणाले,
ही सीमा म्हणजे आम्हाला मिळालेलं दान.
दोन्हीकडची माणसं सारखी,
तेच पान, तोच जर्दा, तोच खोकला,
वेगळा आहे तो फक्त कायदा.
म्हणजे मजुरीत फरक दिसला, तर तो कायद्याचा.
आम्ही आठजण, गावाच्या पाटीवरचं नाव
रात्रीत पुसलेलं, सकाळी रंगवलेलं
पाहत वाढलेलो.
या रेघेचे आभार मानणारा माणूस
पहिल्यांदाच बघत होतो.
तेवढ्यात चहा आला.

अक्कांची बहीण कागलला, पुलापलीकडे.
तिकडं हजाराला चार रुपये चढले
तेव्हा महिनाभर साखर वाटायची बाकी होती.
मग एका रात्री ठेकेदाराचा टेंपो आला,
पानांची पोती उचलून अलीकडे घेऊन गेला.
"दर चढला की पान उठतंय. लिव्ह तुज्या सरास्नी."
शेऱ्याला पन्नासच अक्षरं आहेत.
मी लिहिते, पानं पूल ओलांडतात.

"आनि आमाला काय मिळनार?"
चिठ्ठ्या टाकल्या होत्या, अक्का.
पलीकडच्या गल्लीत माणूस येईल, पेन्शनचे अर्ज भरून देईल.
तुमची गल्ली तुलनेसाठी.
दर तीन महिन्यांनी मी येईन. विचारायला.
कात्री दोन पानांएवढी थांबते.
"म्हंजे आमी काय मिळालं न्हाई तर
काय हुतंय, ते बघाय."
हो म्हणायला मला जड जातं,
पण सरांपेक्षा त्यांनी ते थोडक्यात सांगितलंय.

लाल चौकट अजून तशीच.
फॉर्ममागे मला दीडशे, नाकारला तर काही नाही.
सात तास काढावे लागतील, मी सांगते.

त्या हसतात. संध्याकाळचा चेकर कट्टा तळव्यावर धरतो,
अंगठ्यानं दाबतो,
हजारातल्या तीसचाळीस बाजूला फेकतो.
बारीक. ढिली. तोंड उघडं.
"छाटीचं पैसं न्हाईत. छाट परतबी देत न्हाईत.
ती कुनीतरी वडतंयच की.
हितं तू चेकर. काढ."

वर बघतसुद्धा नाहीत.

झोळीचे तीन.
रांगेचे तीन.
मग थोडा वेळ मी नुसतीच बसते,
मग पाढ्यांचा एक.

चौकट हिरवी. 'आपण दिलेल्या माहितीबद्दल धन्यवाद.'

चपला घालताना आतून धाकटीचा आवाज,
सतरा सक एकशे दोन,
सतरा सत्ते...
सतरा सत्ते...
दोरी ओढणारा अंगठा तसाच,
दोऱ्याचा शेवटचा वेढा दातात,
अक्का म्हणतात, "एकशे एकोणीस.
म्होरं म्हण."