पुठ्ठे

सँडस्कीच्या तळघरात हीटर गुरगुरतो.
बाहेर एरी सरोवर गोठलंय,
इथं पाणी एक्क्याऐंशी फॅरनहाइट.

जंगली बदामाची वाळकी पानं मागवली,
दहा पानं सहा डॉलर.
गुहागरला ही आम्ही झाडून जाळायचो.
पानाखाली नर फेसाचं घरटं बांधतो,
एकेक बुडबुडा तोंडातून,
गवंड्याच्या सबुरीनं.
मादी कंदिलाच्या काचेत. दिसावी,
पण तोंडी लागू नये.
अंगावर उभे पट्टे उमटले की काच उचलायची.
एकदा घाईत आधीच उचलली;
सकाळी शेपटीच्या नुसत्या दशा.

अंडी झाली की तिला काढायचं, लगेच.
मग तो एकटा, उपाशी,
निसटून बुडणारी पिल्लं तोंडात झेलतो,
परत फेसात ठेवतो.
रात्री दोनला बघितलं, तेव्हाही हेच.
ती पोहायला लागली की त्यालाही काढायचं:
तेच तोंड, आता भुकेचं.

दोन महिन्यांत भावंडं एकमेकांचे पर कुरतडू लागली.
एकशे बारा बरण्या. मधे पुठ्ठे,
सीरियलच्या खोक्यांचे.
शेजारचा लॉयड विचारतो, एकत्र का नाही राहत?
राहतात की, म्हटलं. पुठ्ठ्याच्या अलीकडे-पलीकडे.

रोज दोन मिनिटं पुठ्ठा सरकवायचा मात्र.
कल्ले फुगवून तणतणू द्यायचं,
नाहीतर सुस्तावतात, तळाशी पडून राहतात.

रविवारी दादाचा फोन येतो.
हवा, आंबा, गुडघे.
सामाईक विहिरीपाशी येईपर्यंत
आम्ही नीट बोलतो.
मग मी घड्याळ बघतो.